सोलापुरात पायी आणि सायकलवर: बेफाम गाड्यांपासून जीव कसा सांभाळायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गेली कित्येक वर्षं रोज सायकलवर कामाला जातो. त्यामुळे गल्लीतली माणसं, ओळखीच्या बायका, शाळेतल्या मुलांचे पालक मला तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे लिहिलं आहे. सकाळी काखेत विड्यांची पाटी घेऊन कारखान्याकडे निघालेली बाई, यंत्रमागाची रात्रपाळी संपवून घरी परतणारा कामगार, कॉलेजला सायकलनं जाणारी मुलगी ही माणसं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. हौसेनं सायकल चालवणाऱ्यांना यातलं बरंचसं माहीत असेल.

लोक कसेही रस्त्यात घुसतात. मग चूक पायी चालणाऱ्याचीच नाही का?

नाही. माणूस चुकतो, घाई करतो, म्हातारपणी पाय उचलत नाही. पण त्या चुकीची शिक्षा मरण असावी का, हे समोरच्या गाडीचा वेग ठरवतो.

साधा हिशोब बघा. ताशी ४० किलोमीटरने चाललेली गाडी सेकंदाला ११ मीटर पुढे जाते. माणूस दिसला, पाय ब्रेकवर गेला, यात साधारण एक सेकंद गेला. त्यापुढे ब्रेक लागून गाडी थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावर आणखी ९ मीटर. म्हणजे एकूण २० मीटर. तीच गाडी ६० ने असेल तर थांबायला ३६ मीटरच्या आसपास लागतात. ४० वाला जिथे थांबलेला असतो, तिथून ६० वाला अजून जोरात पुढे जात असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार कारचा वेग ५० वरून ६५ वर गेला की धडक बसलेल्या पायी माणसाच्या मृत्यूचा धोका साडेचार पट होतो.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती, म्हणजे दर पाचांत जवळजवळ एक. यांतल्या कुणाच्याही हातात स्टिअरिंग नव्हतं.

फूटपाथ नसेल तर कोणत्या बाजूने चालायचं?

उजव्या. आपल्या पिढीला शाळेत "रस्त्याच्या डाव्या बाजूने चाला" असं शिकवलं, त्यामुळे हे ऐकून लोक चमकतात. पण डाव्या बाजूने चाललं की गाड्या पाठीमागून येतात आणि येणारं संकट दिसतच नाही. उजव्या बाजूने चाललं की जवळच्या गाड्या समोरून येतात. गाडीवाला मोबाइलमध्ये बघतोय का, गाडी कडेला सरकतेय का, हे कळतं आणि दोन पावलं बाजूला व्हायला वेळ मिळतो.

सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी तर हे पाळायलाच हवं. चौघं-पाचजण गप्पा मारत, पाठीमागच्या गाड्यांकडे पाठ करून, रस्ता अडवून चालताना दिसतात. एकामागे एक चाला, गप्पा बाकावर बसून मारा. लहान मूल सोबत असेल तर त्याला रस्त्याच्या बाजूला नाही, आतल्या बाजूला धरा.

मग सायकलही समोरून येणाऱ्या गाड्यांच्या बाजूने चालवायची?

अजिबात नाही. सायकल हे वाहन आहे, ती डाव्या बाजूनेच. मागून येणारी गाडी ४० ने आणि तुम्ही १५ ने त्याच दिशेला जात असाल तर वेगातला फरक २५ चा. तुम्ही उलटे चाललात तर दोन्ही वेग मिळून ५५ होतात. शिवाय गल्लीतून बाहेर पडणारा गाडीवाला उजवीकडे बघून वळतो. डावीकडून सायकल येईल हे त्याच्या ध्यानीमनीही नसतं.

सायकल रस्त्याच्या अगदी कडेनेच चालवावी ना?

कडेने, पण अगदी कडेने नाही. हे मी स्वतःच्या कोपरावर शिकलो.

विजापूर रोडला एका संध्याकाळी मी डांबराच्या शेवटच्या टोकावरून चाललो होतो. मागून टेम्पो आला. मी इतका कडेला होतो की त्याला वाटलं, आपण न वळता याच्या शेजारून निघून जाऊ. त्याचा डावा आरसा माझ्या उजव्या कोपराला लागला. डावीकडे उतरावं तर डांबर आणि खालचा मुरूम यांत चार बोटांची पायरी होती. पुढचं चाक त्या कडेला घासलं आणि मी मुरुमात आडवा झालो. हात सुजला, सायकलची रिम वाकली, तेवढ्यावर निभावलं. टेम्पो थांबला नाही.

तेव्हापासून मी डांबराच्या कडेपासून हातभर आत चालवतो. आत असलो की मागच्या गाडीला मला ओलांडण्यासाठी खरोखर बाजूला व्हावं लागतं. आणि एखादा अगदीच अंगावर आला तर सरकायला हातभर जागा माझ्याकडे शिल्लक राहते. उभ्या रिक्षांच्या आणि गाड्यांच्या शेजारूनही तेवढंच अंतर ठेवा, कारण दार कधी उघडेल याचा नेम नसतो. खड्डा चुकवायला आयत्या वेळी आत झुकू नका. लांबून बघा, मागे वळून बघा, हात दाखवा आणि मग सरका.

ट्रक, डंपर, बस वळताना काय सांभाळायचं?

या एका प्रश्नावर मी सगळ्यात जास्त बोलतो, कारण यातले अपघात सहसा जिवावर बेततात आणि बहुतेक टाळता येतात.

एका शाळेच्या मैदानावर आम्ही एक ट्रक उभा करून ठेवला. ओळखीचा चालक केबिनमध्ये बसला. मुलांना ट्रकभोवती फिरायला सांगितलं आणि "आता दिसत नाही" असं चालक म्हणाला की तिथे खडूने खूण करायची असं ठरलं. अर्ध्या तासात ट्रकच्या पुढे, डाव्या अंगाला आणि मागे पांढऱ्या रेघांची मोठी चौकट तयार झाली. मग पाचवीचा एक अख्खा वर्ग डावीकडच्या चौकटीत उभा केला. चालक सीटवरून म्हणाला, "आरशात एकपण पोरगं नाही." त्यानंतर एकेका मुलाला केबिनमध्ये चढवून तेच दाखवलं. खाली उतरताना त्यांचे चेहरे बदललेले होते.

आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, म्हणून त्याची डावी बाजू सगळ्यात आंधळी. सायकलवाला असतो नेमका डावीकडे. आता यात दुसरी गोष्ट मिळवा. लांब गाडी डावीकडे वळते तेव्हा मागचं चाक पुढच्या चाकाच्या मागोमाग जात नाही, ते कोपऱ्याकडे आत कापत येतं. तोंड तुमच्यापासून लांब गेलं म्हणून तुम्ही निर्धास्त होता, आणि मधला भाग तुमच्यावर येतो.

म्हणून सिग्नलला ट्रक उभा असेल तर त्याच्या डावीकडच्या फटीतून पुढे घुसू नका. मागे थांबा. दहा सेकंद उशीर होईल. ट्रकने उजवीकडे तोंड काढलं तरी तो उजवीकडेच जाईल असं धरू नका, मोठी गाडी डावीकडे वळायच्या आधी उजवीकडे झेप घेते. आणि चालकाचा चेहरा तुम्हाला त्याच्या आरशात दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

आपलं गाव पुणे–हैदराबाद आणि विजापूर–तुळजापूर अशा दोन महामार्गांच्या मधोमध बसलं आहे. जडवाहतूक शहराच्या दाराशीच आहे, आणि शहरात घुसायला तिला निमित्त पुरतं. बंदीच्या वेळेत अवजड गाडी दिसली तर जागा, वेळ आणि गाडीचा नंबर लिहून वाहतूक शाखेला कळवा.

झेब्रा पट्ट्यावर उभं राहिलं तरी कुणी थांबत नाही. ओलांडायचं कसं?

कायदा तुमच्या बाजूने आहे. २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांनुसार सिग्नल नसलेल्या झेब्रावर चालकाने वेग कमी करून, थांबून, पायी माणसाला आधी जाऊ द्यायचं असतं. सात रस्ता किंवा आसरा चौकात उभं राहून हा नियम शोधावा लागतो, हे मीही बघतो. तोवर करायचं ते असं:

एकट्याने धावू नका. दोघे-चौघे जमू द्या आणि एकत्र निघा, घोळक्यासाठी गाड्या थांबतात. हात वर करून तळवा दाखवा आणि चालकाच्या डोळ्यांत बघा. पहिली गाडी थांबली म्हणजे रस्ता मोकळा झाला असं नाही, तिच्या आडून दुसरी मोटारसायकल सुसाट येते. म्हणून थांबलेल्या गाडीच्या कडेला पुन्हा एकदा थबकून डोकवा. सिटी बस किंवा एसटीतून उतरलात तर तिच्या पुढून कधीही ओलांडू नका, तिला जाऊ द्या. दुभाजकावर मध्येच थांबावं लागलं तर उलट दिशेच्या गाडीकडेही लक्ष ठेवा, कारण राँग साइडने येणारे कमी नाहीत. आजी-आजोबांसोबत असाल तर त्यांच्या चालीने वेळ मोजा.

उसाच्या ट्रॅक्टरची भीती वाटते. गाळपाच्या दिवसांत काय करायचं?

भीती रास्त आहे. दिवाळीच्या सुमारास कारखाने पेटले की डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर रात्रंदिवस रस्त्यावर असतात. ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी ऊस बाहेर आलेला असतो, त्यामुळे चाकं लांबून गेली तरी वाढे आणि कांड्या तोंडावर येतात. दुसरी ट्रॉली सरळ चालत नाही, ती डोलत येते. मोठ्याने गाणी लावलेली असतील तर चालकाला तुमची घंटी ऐकूच जात नाही. दोन ट्रॉल्यांच्या मधून पलीकडे जाणारी पोरं मी बघितली आहेत, त्यांना जागीच अडवा.

सायकलवर असताना असा ट्रॅक्टर मागून आला तर मी सरळ खाली उतरून कडेला उभा राहतो. यात कमीपणा नाही. रात्री मागे दिवा नसलेली, पंक्चर होऊन रस्त्यातच उभी केलेली ट्रॉली हा वेगळाच सापळा. भोवती ठेवलेले दगडही अंधारात दिसत नाहीत. तुमच्या गावात, तुमच्या भावकीत कुणाचा ट्रॅक्टर असेल तर त्याच्या ट्रॉलीला मागे लाल आणि बाजूंना पिवळी चमकपट्टी स्वतः चिकटवून द्या. काही रुपयांचं काम आहे.

अंधारात दिसावं म्हणून काय करायचं?

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो, म्हणून पायी आणि सायकलवरची सगळी कामं माणूस पहाटे किंवा अंधार पडल्यावर काढतो. म्हणजे नेमकं तेव्हा, जेव्हा तो कमी दिसतो.

नव्या सायकलला पुढे पांढरा, मागे लाल, पेडलला आणि चाकांना रिफ्लेक्टर असावेच लागतात. पण बहुतेकांच्या सायकली जुन्या आहेत, त्यांचे रिफ्लेक्टर कधीच गळून पडले. मागच्या मडगार्डवर लाल चमकपट्टी लावा आणि कॅरिअरखाली लुकलुकणारा लाल दिवा बांधा. कॅरिअरवर पोतं किंवा डबा ठेवला की दिवा झाकतो, तेवढं बघा. पेडलवरची पट्टी सगळ्यात चांगली, कारण ती वरखाली हलते आणि ही सायकल आहे हे लांबून कळतं.

चालणाऱ्यांनी गडद रंगाची शाल पांघरली असेल तर वरून पांढरा पंचा किंवा टॉवेल टाका. हातात मोबाइलची बॅटरी जमिनीकडे धरून चाला. कुंभारीच्या रे नगरसारख्या वसाहती शहरापासून लांब आहेत. तिथे ३०,००० घरांचा प्रकल्प आहे आणि जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या १५,००० घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. तिथून अक्कलकोट रोडने कामाला येणाऱ्या बायाबापड्यांना उजेड आणि फूटपाथ मिळायला हवा, चमकपट्टी हा तात्पुरता उपाय आहे.

सायकलवर हेल्मेट सक्तीचं आहे का?

साध्या सायकलला नाही. घाला मात्र. पडल्यावर डोकं वाचतं. डंपरपासून ते वाचवत नाही.

कुणी कट मारला, शिवी दिली, तर जाब विचारायचा का?

रस्त्यात नाही. तुम्ही सायकलवर, तो गाडीत. त्याला राग आला तर हत्यार त्याच्याच हातात आहे. नंबर लक्षात ठेवा, थांबा, लिहून घ्या. मागे कुणाकडे मोबाइल असेल तर फोटो मागा.

तक्रारीला दम यावा म्हणून कायदा माहीत असू द्या. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ धोकादायक वाहन चालवण्याबद्दल आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सिग्नल तोडणं, हातात मोबाइल धरून चालवणं आणि वाहतुकीच्या उलट दिशेने गाडी घालणं हेही त्यात आलं. पहिल्या गुन्ह्याला ६ महिने ते १ वर्ष कैद किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दारू पिऊन चालवली तर कलम १८५, पहिल्याच वेळी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. जिवाला धोका असेल, म्हणजे चालक झोकांड्या खात गाडी हाकतोय असं दिसलं, तर थेट ११२.

शेजारचं पोरगं विनापरवाना बुलेट पळवतं. त्याच्या बापाला सांगून उपयोग नाही.

त्यांना कलम १९९अ सांगा. मूल १८ च्या आतलं असेल आणि त्याने गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द, आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही. बाकीच्या कुठल्याही समजावण्यापेक्षा हा शेवटचा मुद्दा घरात जास्त लागू पडतो, असा माझा अनुभव आहे.

कोजागरीला तुळजापूरला चालत जाणार आहोत. काय लक्षात ठेवू?

त्या रात्री वाट भाविकांची असते, वाहतूक वळवलेली असते. धोका येताना. रात्रभर ४५ किलोमीटर चालून अंग आंबलेलं असतं, वाहतूक परत सुरू झालेली असते, आणि कुणीतरी मोटारसायकलवर तिघंजण बसून निघतं. चालक रात्रभर जागा असेल तर त्याच्या गाडीत बसू नका. बसने या. इतर दिवशी अक्कलकोटला किंवा पंढरपूरला पायी निघालात तर दिंडीच्या पुढे आणि मागे एकेक माणूस चमकणारं जाकीट घालून ठेवा, आणि विसावा रस्त्याच्या कडेला नाही, आत शेतात किंवा देवळात घ्या.

अपघात झाला. पहिल्या तासात काय करायचं?

१०८ ला फोन करा, पोलिसांसाठी ११२. महामार्गावर असाल तर १०३३ सुद्धा. जखमीला पाणी पाजू नका, मान न हलवता ठेवा, रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड दाबून धरा. रस्त्यातच पडला असेल तर आधी दोघांनी पुढे-मागे उभं राहून गाड्या अडवा, नाहीतर दुसरी गाडी येते.

एकाने गाडीचा नंबर, गाडीची आणि सायकलची जागा, रस्त्यावरच्या खुणा यांचे फोटो काढावेत. सायकल उचलून कडेला लावायची घाई आपल्याकडे फार असते. आधी फोटो, मग उचला. समोरच्या दुकानाचा कॅमेरा रस्त्याकडे आहे का ते त्याच दिवशी विचारा, कारण चित्रण काही दिवसांत पुसलं जातं.

दवाखान्यात "सायकलवरून पडला" असं सांगू नका. गाडीने धडक दिली असेल तर तेच सांगा आणि केसपेपरवर तेच लिहून घ्या. धडक देणाऱ्याचा नातेवाईक तिथेच येऊन "खर्च आम्ही करतो, पोलीस केस नको" म्हणतो. दोन दिवसांनी फोन उचलत नाही. आमच्या ओळखीच्या एका घरात हेच झालं. केसपेपरवरच्या "सायकलवरून पडला" या एका ओळीपायी पुढे त्यांना वर्षभर धावपळ करावी लागली.

२०२५ पासून केंद्राची विनारोकड उपचार योजना लागू आहे. मोटार वाहनाच्या अपघातातल्या जखमीला ठरवून दिलेल्या रुग्णालयांत ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. पायी आणि सायकलवरची माणसंही त्यात येतात. अपघाताची पोलिसांकडून खातरजमा लागते, म्हणूनही पोलिसांना कळवणं टाळू नका.

मदत केली तर पोलीस आणि कोर्टात आपणच अडकतो, असं म्हणतात.

आता नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आणि पुढे ते कायद्यात कलम १३४अ म्हणून आलं. तुम्ही जखमीला पोचवून नाव न सांगता निघून जाऊ शकता. दवाखाना तुम्हाला पैसे भरायला लावू शकत नाही. साक्षीदार व्हायचं की नाही हेही तुमच्या मर्जीवर. नंबर पाहिला असेल तर व्हा, ही माझी विनंती.

गाडी पळून गेली, नंबर मिळाला नाही. सगळं संपलं का?

नाही. अज्ञात वाहनाने धडक दिली तर मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५०,००० रुपये ठरलेले आहेत. हा अर्ज प्रांत किंवा तहसीलदाराकडे जातो, आणि त्यासाठी गुन्हा नोंदलेला असणं महत्त्वाचं. ही योजना गावोगावच्या लोकांना माहीतच नाही, म्हणून ज्याच्या घरात असं घडलं असेल त्याला आवर्जून सांगा.

गाडी सापडली असेल तर भरपाई कशी मिळते?

जिल्हा न्यायालयातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. कायद्यात मुदत ६ महिन्यांची आहे, ती पाळा. पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. तो गेला का, हे पोलीस ठाण्यात जाऊन विचारा. गाडीवाल्याची चूक सिद्ध न करता ठरावीक भरपाई घ्यायचा मार्गही कलम १६४ मध्ये आहे: मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. खरं नुकसान मोठं असेल, घरातला कमावता माणूस गेला असेल, तर कलम १६६ खाली दावा करा. "तुम्ही झेब्रावरून गेला नाहीत" असं विमा कंपनीचा वकील म्हणेल. त्याने रक्कम कमी होऊ शकते, तेवढ्यावरून दावा फेटाळला जातो असं नाही.

विडी वळणारीच्या, धुणंभांडी करणारीच्या कमाईचा कागद नसतो. कारखान्याचं कार्ड, बचतगटाची वही, बँकेचं पासबुक, जे असेल ते जपून ठेवा. फौजदारी बाजू वेगळी चालते. निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर न्याय संहितेच्या कलम १०६ खाली ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

खड्ड्यात पडलो. तिथे तर कुणी गाडीवाला नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख, आणि दुखापतीला ५०,००० ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला आहे. खड्ड्याचा फोटो काढताना शेजारची ओळखता येणारी पाटी किंवा दुकान फोटोत येऊ द्या. आठवड्यात खड्डा बुजवला गेला तर पुरावा तेवढाच उरतो.

आमच्या रस्त्याला फूटपाथच नाही. मागायचा कुणाकडे?

महापालिकेकडे, आणि हक्काने. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वापरता येईल असा फूटपाथ मिळणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. "फूटपाथ द्या" एवढंच लिहिलेला अर्ज मात्र फायलीत पडून राहतो. आमच्या भागात आम्ही दोघं एका सकाळी साडेआठ ते साडेनऊ चौकात वही घेऊन बसलो आणि किती माणसं पायी गेली, किती सायकली गेल्या, किती जणांना फूटपाथवरच्या गाड्यांमुळे रस्त्यात उतरावं लागलं, अशा रेघा मारल्या. त्या वहीची झेरॉक्स, चार फोटो आणि रहिवाशांच्या सह्या अर्जाला जोडल्या. तीन महिन्यांनी तिथे झेब्रा पट्टे रंगवले गेले आणि एका बाजूला खांब रोवून पार्किंग बंद झालं. दुसरी बाजू अजून बाकी आहे, तिच्यासाठी पुढच्या महिन्यात पुन्हा मोजणार आहोत. तुम्ही अर्ज द्याल तेव्हा दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का मारून पोच घ्या.